बरं झाल्यानंतरचा मेंटेनन्स

आमच्या धंद्यात एक गोष्ट नव्या पोरांना लवकर कळत नाही. प्रोजेक्ट लाइव्ह गेला की क्लायंटचं अभिनंदनाचं मेल येतं, मॅनेजर पिझ्झा मागवतो, टीमचा फोटो निघतो आणि अर्धी टीम दुसऱ्या प्रोजेक्टवर जाते. मागे उरतात ते सपोर्टवाले. सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी कुठलातरी जॉब रात्री तीन वाजता बंद पडतो आणि मग शोधाशोध सुरू होते. हे मुळात लिहिलं कुणी होतं? त्याचं डॉक्युमेंट कुठंय?

लहान मुलांच्या कॅन्सरबद्दल लिहिताना ही तुलना जरा उथळ वाटेल. पण गेली अकरा वर्षं आमच्या घरात जे चाललंय ते मला याहून नीट सांगता येत नाही, तेव्हा चालवून घ्या.

माझी भाची २०१४ साली पाच वर्षांची होती. सकाळी उठल्या उठल्या उलट्या, चालताना तोल जाणं. आधी पित्त झालं, मग जंत झाले, मग चष्मा झाला आणि शेवटी एमआरआय झाला. लहान मेंदूत गाठ. मेड्युलोब्लास्टोमा. ताई-दाजी कराडला असतात, उपचार मुंबईला. ऑपरेशन, मग सहा आठवडे रेडिएशन (आमच्या आजूबाजूची मंडळी त्याला 'शेक देणं' म्हणतात) आणि मग केमो. २०१५ च्या दिवाळीआधी सगळं संपलं. स्कॅन स्वच्छ आला. पेढे वाटले. ताईच्या सासूबाईंनी नवस फेडला. म्हणजे रिलीज झालं, पार्टी झाली.

आजचा लेख त्याच्या पुढचा आहे.

आता थोडा इतिहास. १९४७ साली बॉस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांवर अमिनोप्टेरिन नावाचं औषध वापरून पाहिलं. ते औषध तयार करणाऱ्या संशोधनाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. सोळापैकी दहा मुलांना उतार पडला. तो टिकला नाही, पण हा आजार औषधाने मागे हटू शकतो एवढं जगाला दिसलं. तिथून सुरू झालेला प्रवास आज इथवर आलाय, की श्रीमंत देशांमध्ये कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त मुलं पाच वर्षांचा टप्पा पार करतात.

फार्बरच्या काळात 'या मुलांचं पुढे काय होईल?' असा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण 'पुढे' असं काही नव्हतंच. तो प्रश्न पडायला मुलं जगावी लागली, मोठी व्हावी लागली. अमेरिकेत १९९४ साली एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. १९७० ते १९८६ या काळात कॅन्सर झालेल्या आणि निदानानंतर निदान पाच वर्षं जगलेल्या हजारो मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा. त्यातल्या १४,२९० जणांच्या माहितीवर २०१६ साली एक शोधनिबंध आला. त्यातला आकडा असा : ४४ टक्के लोकांना पुढे हार्मोन्सचा कमीत कमी एक तरी आजार झाला. शंभरात चव्वेचाळीस. याला दुर्मीळ म्हणता येत नाही.

आणि हे फक्त अमेरिकेतलं कौतुक नाही बरं का. आपल्या मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये, उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक १९९१ पासून आहे. 'आफ्टर कम्प्लिशन ऑफ थेरपी', म्हणून 'अ‍ॅक्ट क्लिनिक'. म्हणजे तो अमेरिकन अभ्यास सुरू होण्याच्या तीन वर्षं आधी आपल्याकडे कुणाला तरी हा सपोर्ट प्रोजेक्ट सुचला होता.

आता हार्मोन्सच का बिघडतात?

मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, वाटाण्याएवढी. तिच्या वर हायपोथॅलॅमस, तिचा साहेब. उंची, थायरॉइड, वयात येणं, ताणाच्या वेळी शरीराने तग धरणं, या सगळ्यांच्या ऑर्डरी इथून सुटतात. मेड्युलोब्लास्टोमाच्या पेशी मणक्यातल्या पाण्यातून पसरू शकतात, म्हणून फक्त गाठीच्या जागी शेक देऊन भागत नाही. पूर्ण डोकं आणि पूर्ण पाठीचा कणा, दोन्हीला द्यावा लागतो. भाचीला डोक्याला आणि कण्याला २३.४ ग्रे आणि गाठीच्या जागी एकूण ५४ ग्रे. (ग्रे हे रेडिएशनचं माप.) या रस्त्यात पिट्युटरी येतेच. तिला वगळायचं म्हटलं तर गाठीच्या पेशी राहून जाण्याचा धोका. डॉक्टरांनी जीव वाचवला आणि त्याची किंमत ठरलेली होती. ती त्या दिवशी भरायची नव्हती एवढंच, हप्त्याहप्त्याने वसूल होणार होती.

यात एक क्रम आहे. सगळ्यात नाजूक असतं ग्रोथ हार्मोन, ते आधी जातं. साधारण १८ ग्रेच्या वर त्याचा धोका धरतात. थायरॉइडला, वयात येण्याला आणि कॉर्टिसॉलला हुकूम देणारी हार्मोन्स त्यामानाने चिवट, ती बहुतेक ३० ग्रेच्या वर बिघडतात. आणि हे सगळं लगेच होत नाही. डोस जास्त असेल तर चार-पाच वर्षांत, कमी असेल तर दहा वर्षांनीसुद्धा. म्हणजे पेढे वाटून, शाळा सुरू होऊन, फाईल माळ्यावर जाऊन बरीच वर्षं झाल्यावर.

आता भाचीचं काय झालं ते सांगतो. ऐकायला सोपं वाटतं, पण यात मोठी मेख आहे.

२०१७ च्या सुरुवातीला ती साडेसात वर्षांची होती. केमोत वाळून गेलेली पोर चांगली भरली होती. वर्षभरात सहा सेंटिमीटर वाढली. घरात आनंदीआनंद. "आता कशी अंगाने सुधारली बघ" असं येणारा-जाणारा म्हणत होता. ताईला मात्र आंघोळ घालताना काहीतरी वेगळं वाटलं. छातीला गाठीसारखं लागतंय. 'गाठ' म्हटल्यावर त्या घरात काय झालं असेल ते सांगायला नको. जवळच्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "गाठ-बिठ काही नाही. मुली हल्ली लवकर मोठ्या होतात. कॅन्सरातून वाचली ना? मग बाकीचं काय घेऊन बसलात?"

सहामाही तपासणीला मुंबईला गेले तेव्हा तिथल्या सिस्टरने उंची उभ्याने मोजली आणि मग स्टुलावर बसवून पुन्हा मोजली. डाव्या हाताचा एक्स-रे काढला. हाडांचं वय दहा वर्षांचं निघालं. पोर साडेसात वर्षांची आणि हाडं दहाची. तिथून आम्हाला पुण्यात लहान मुलांच्या हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या मॅडमनी कागदावर दोन रेघा काढून समजावलं. मी तिथे होतो, आणि आयुष्यात बघितलेल्या सगळ्यात दुष्ट बगबद्दल मी ऐकतोय असं मला वाटलं.

झालं होतं असं. शेकामुळे ग्रोथ हार्मोन कमी पडत होतं, म्हणजे उंची कमी वाढायला हवी होती. पण त्याच शेकामुळे मेंदूतला वयात येण्याचा ब्रेकही सैल झाला होता. मुलगी आठच्या आत आणि मुलगा नऊच्या आत वयात यायला लागला तर ते वेळेआधी समजतात. वयात येताना मुलं झपाट्याने उंच होतात. म्हणजे एक बिघाड उंची खाली ओढतोय, दुसरा वर ढकलतोय, आणि मॉनिटरवरची रेघ दिसतेय अगदी नॉर्मल! सहा सेंटिमीटर. खरं तर वयात येणाऱ्या मुलीने त्याहून बरीच जास्त उडी मारायला हवी होती. आणि पुढची गोष्ट अशी, की वयात येण्यामुळे हाडांची टोकं लवकर बंद होतात. दोन-तीन वर्षांत दुकान बंद. मग कुठलंही औषध द्या, उंची वाढत नाही.

तिसरा भाग कण्याचा. मणक्यांनाही शेक बसलेला, त्यामुळे पाय वाढतात पण धड तेवढं वाढत नाही. म्हणून ती स्टुलावर बसवून घेतलेली उंची. उभ्याने मोजलेल्या उंचीत हे लपून जातं.

मॅडम म्हणाल्या, "नुसता उंचीचा आकडा बघून यातलं काहीच कळत नाही. आधी काय उपचार झालेत ते समोर असेल तरच आकड्याला अर्थ." हे वाक्य मी ऑफिसात माझ्या क्युबिकलमध्ये लावलंय. काय संदर्भात ते कुणाला सांगितलेलं नाही.

पुढे निर्णयाची वेळ आली. वयात येणं थांबवायला दर महिन्याला एक इंजेक्शन. यावर फार वाद झाला नाही. दुसरीतल्या मुलीला पाळी आली तर तिने शाळेत ते कसं सांभाळायचं, या एका प्रश्नावर सासूबाईंसकट सगळे एका बाजूला आले. पण ग्रोथ हार्मोनवर मात्र घर दुभंगलं. रोज रात्री इंजेक्शन, काही वर्षं, आणि खर्च विचारूच नका.

दाजी शांत माणूस, पण त्या दिवशी ताडकन म्हणाले, "वाढीचं औषध म्हणतात ना त्याला? मग गाठ पण वाढेल की. मेलेल्या तणाला परत खत घालायचं का? उंची कमी राहिली तर राहिली, पोरगी तरी राहील."

यात चुकीचं काय आहे सांगा? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताईने मला विचारलं, "तू एवढं कॉम्प्युटरवर वाचतोस, हे वाच." मी दोन वीकएंड वाचलं, आणि प्रश्नांची यादी घेऊन आम्ही सगळे परत मॅडमकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. दाजींची शंका डॉक्टरांनाही सुरुवातीपासून होती, म्हणूनच त्यावर अभ्यास झाले. ग्रोथ हार्मोनमुळे मूळ गाठ परत येण्याचं प्रमाण वाढल्याचं त्यात दिसलेलं नाही. नव्या, दुसऱ्याच गाठींच्या बाबतीत सुरुवातीच्या विश्लेषणात थोडी वाढ दिसली होती. लोकांचा पाठपुरावा जसा लांबला तसा तो फरक कमी होत गेला. तरीही हे औषध घाईने देत नाहीत. उपचार संपून किमान एक वर्ष आजार परत आलेला नाही हे बघून मगच विचार करतात. (२०१८ साली एंडोक्राइन सोसायटीने या मुलांसाठी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यातही हाच एक वर्षाचा थांबा आहे.) भाचीला तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

आणि मग त्या म्हणाल्या, "नाही दिलं तरी तुम्ही वाईट आई-बाप ठरत नाही. कण्याची वाढ या औषधाने फारशी भरून येणार नाही हेही ऐकून ठेवा. पण ठरवायचं असेल तर आत्ता ठरवा. तीन वर्षांनी विचारलंत तर माझ्याकडे द्यायला काही नसेल."

दाजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फ्रीजचा एक कप्पा रिकामा करून, पुसून ठेवला. औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. एवढाच त्यांचा होकार.

२०१७ च्या दिवाळीनंतर इंजेक्शन सुरू झालं. पेनसारखं असतं. पहिले काही महिने ताई द्यायची, मग दाजी, आणि दहा वर्षांची झाल्यावर ती स्वतःच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कराडला औषध मिळेना तेव्हा पुण्याहून थर्मासात बर्फाच्या पिशव्या घालून दुधाच्या टेम्पोने पाठवलं. दोनदा. ड्रायव्हरकाकांनी पैसे घेतले नाहीत. वर फोन करून विचारायचे, "पोरीचं औषध गार होतं ना?"

मधे २०१९ साली ती मरगळली. अभ्यासात लक्ष नाही, सारखी थंडी वाजते, बद्धकोष्ठ. कराडच्या लॅबमध्ये थायरॉइडची तपासणी केली. टीएसएच नॉर्मल. सगळे निवांत. इथे दुसरी मेख.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी टीएसएच केलेलं असतं. थायरॉइड ग्रंथी आळशी झाली की पिट्युटरी तिच्यावर ओरडते, तो ओरडा म्हणजे टीएसएच. जास्त ओरडा म्हणजे थायरॉइड कमी, साधा हिशोब. पण इथे ओरडणाराच आजारी! पिट्युटरीच थकलेली असेल तर ती ओरडणार कशी? टीएसएच नॉर्मल दिसतो आणि पोर मात्र गारठून बसलेली. म्हणून अशा मुलांत फ्री टी-४ सुद्धा बघावं लागतं. भाचीचं ते खाली आलेलं निघालं. ग्रोथ हार्मोन सुरू केल्यावर लपलेली थायरॉइडची कमतरता कधी कधी अशी वर येते, त्यामुळे मॅडमना फार आश्चर्य वाटलं नाही. थोडक्यात, टेस्ट पास झाली म्हणजे सिस्टीम चालू आहे असं नाही. आधी टेस्ट कशाची केली ते बघा.

गोळी लगेच सुरू करावी की नाही? नाही! इथे तिसरी मेख. पिट्युटरी कॉर्टिसॉलचीही मालकीण आहे. तेही कमी पडत असेल आणि तुम्ही आधी थायरॉइडची गोळी दिलीत, तर शरीर होतं नव्हतं ते कॉर्टिसॉल भराभर संपवतं आणि माणूस कोसळू शकतो. म्हणून आधी कॉर्टिसॉल तपासायचं, कमी असेल तर ते द्यायचं, मगच थायरॉइड. डिपेंडन्सी चुकली तर डिप्लॉयमेंट जिवावर बेततं. भाचीचं कॉर्टिसॉल व्यवस्थित निघालं, तरी ते अधूनमधून तपासत राहायचं असं फाईलवर लिहिलंय. ज्या मुलांचं कमी असतं त्यांच्या घरच्यांना हे पाठ असावं लागतं, की ताप आला, उलट्या झाल्या, ऑपरेशन असलं की स्टिरॉइडचा डोस वाढवायचा आणि समोरच्या डॉक्टरला आधी हे सांगायचं.

हे सगळं भाचीचं, म्हणजे मेड्युलोब्लास्टोमाचं. दुसरा आजार, दुसरा उपचार, की यादी बदलते. मानेला शेक बसलेल्या मुलांमध्ये थायरॉइड ग्रंथीच मार खाते, पुढे तिच्यात गाठीही होऊ शकतात. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांचा डोस जास्त झाला तर मुलींमध्ये अंडाशय लवकर थकतं. मुलांमध्ये तर आणखी फसवं आहे. पुरुषी हार्मोन बनवणाऱ्या पेशी चिवट, बीज बनवणाऱ्या नाजूक. त्यामुळे मिसरूड फुटतं, आवाज फुटतो, सगळं वेळेवर, आणि मूल होण्याचा प्रश्न लग्नानंतर कळतो. म्हणून वयात आलेल्या मुलाचे वीर्य उपचारांच्या आधी साठवून ठेवता येते, हे त्या गडबडीतही कुणीतरी विचारायला हवं. ल्युकेमियात दिलेल्या स्टिरॉइड्सचा हाडांवर परिणाम होतो, वजन वाढतं. आणि चांगली बातमी म्हणजे हे सगळं बघून उपचार बदलले. पूर्वी ल्युकेमियाच्या बहुतेक मुलांच्या डोक्याला शेक देत. १९८४ नंतर आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांत जी एमसीपी-८४१ ही उपचारपद्धत आली, तिच्यातही तो होता. मग डोस कमी होत गेला. अमेरिकेत सेंट ज्यूडच्या डॉक्टरांनी २००९ साली दाखवून दिलं, की औषधं नीट बसवली तर डोक्याचा शेक पूर्ण वगळूनही मुलं बरी होतात. आधीच्या पिढीच्या मुलांनी भोगलं, त्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या, म्हणून आताच्या मुलांचं वाचलं.

नोंदी. मला या लेखात मुळात हेच सांगायचं होतं.

२०२१ साली ताईकडे माळा आवरायला काढला. सासूबाईंचं म्हणणं, "मुलीची जात आहे. उद्या स्थळं बघायला लागाल. हे सगळं कागदपत्र घरात कशाला? जाळून टाका. बरी झालीय ना पोर?" सासूबाई दुष्ट नाहीत. मुंबईत तीन महिने धर्मशाळेत राहून, स्टोव्हवर मऊ भात शिजवून नातीला भरवलाय त्यांनी. त्यांच्या दृष्टीने ती फाईल म्हणजे घरातली पीडा. आणि अशा किती घरांतल्या फायली अशाच चुलीत गेल्या असतील. काही पुरात, काही घर बदलताना, काही मुद्दाम.

आता विचार करा, ही मुलगी तीस वर्षांची आहे, बंगळूरमध्ये नोकरी करते, मरगळ येते म्हणून डॉक्टरकडे जाते. डॉक्टर टीएसएच करतो. नॉर्मल. "स्ट्रेस आहे, योगा करा." तिला कुणी सांगितलंच नसेल की डोक्याला ५४ ग्रे शेक झालाय, तर ती डॉक्टरला सांगणार काय? आणि त्या डॉक्टरला दोष तरी कसा द्यायचा?

ताईने फाईल जाळू दिली नाही. मी ती पुण्याला आणली आणि दोन वीकएंड बसून तीनशेच्या वर कागद स्कॅन केले. मग मुंबईच्या डॉक्टरांकडून तपासून घेऊन त्याचं एक पान केलं. फक्त एक. आजाराचं नाव, निदानाची तारीख, ऑपरेशन, शेक कुठे कुठे आणि किती ग्रे, प्रत्येक केमो औषधाचं नाव आणि एकूण डोस, उपचार संपल्याची तारीख. खाली दुसरी यादी : दरवर्षी काय काय तपासायचं. आयुष्यभर. हे मी शोधलेलं नाही. अशा मुलांनी पुढे काय तपासत राहावं याची सूत्रं अमेरिकेत २००३ पासून आहेत आणि सुधारत आलीत, युरोपात अशा कागदाला चक्क 'पासपोर्ट' म्हणतात. ज्या हॉस्पिटलात उपचार झाले तिथे 'ट्रीटमेंट समरी द्या' असं म्हटलं तर पुष्कळ ठिकाणी देतात. मागावी मात्र लागते. आणि लवकर मागावी, जुनं रेकॉर्ड काय कायमचं राहत नाही.

पण कागद काढून भागत नाही, तो कुणाच्या हातात द्यायचा हा खरा प्रश्न. भाची बारा वर्षांची होती. तिला 'डोक्यात गाठ होती' एवढं माहीत होतं, 'कॅन्सर' हा शब्द घरात कुणी उच्चारलेला नव्हता. ताई म्हणाली, "मी सांगते." एका संध्याकाळी दोघी गच्चीवर गेल्या. तासाभराने खाली आल्या. भाची सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, मला गूगलवर दोन वर्षांपूर्वीच कळलंय. तुम्ही सगळे इतकं हळू बोलायचात, म्हणून मी काही विचारलं नाही."

काय बोलणार?

त्या दिवसापासून पान तिच्याकडे आहे. मोबाईलमध्येही आहे, आणि लॅमिनेट करून दप्तरातही. औषधं कधी संपतात, तपासणी कधी आहे हे आता तीच ताईला सांगते.

वयात येणं थांबवणारं इंजेक्शन अकराव्या वर्षी बंद केलं. नंतर पाळी तिची तिची आली, ही आमच्यासाठी फार मोठी गोष्ट होती. पुढे ती लवकर बंद होऊ शकते, म्हणून त्यावर लक्ष ठेवायचं, तेही पानावर आहे. ग्रोथ हार्मोन २०२३ मध्ये थांबवलं. आज ती सोळा वर्षांची आहे, उंची १४८ सेंटिमीटर. ताई-दाजींच्या उंचीवरून हिशोब केला तर १५८ च्या आसपास व्हायला हवी होती. दहा सेंटिमीटर गेले. औषध दिलं नसतं तर आणखी किती गेले असते हे कुणालाच सांगता येणार नाही. वर्गाच्या फोटोत ती पहिल्या रांगेत बसते. बसली की आणखी लहान दिसते, म्हणून फोटो काढताना ती उभं राहायला मागते. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी आहे. रोजची, कायमची. दाजी ती टेबलावर पाण्याच्या भांड्याशेजारी काढून ठेवतात. तिला आठवण करायची गरज नसते, तरी ठेवतात.

तर मंडळी, तुमच्या ओळखीत कुणाचं मूल कॅन्सरमधून उठलं असेल (आणि असतं, फक्त आपल्याला सांगितलेलं नसतं), तर तीन गोष्टी त्यांच्या कानावर घाला. एक, उपचारांचं एक पान करून घ्या. दोन, दर सहा महिन्यांनी उंची-वजन मोजून वाढीच्या तक्त्यावर टिंब मारा. भारतीय मुलांसाठीचे तक्ते बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली काढलेत, तुमच्या डॉक्टरांकडे असतात. एक टिंब काही सांगत नाही, पाच-सहा टिंबांची रेघ सांगते. बसलेली उंची मोजायला लाजू नका. तीन, मुलाला खरं सांगा, त्याच्या वयाला झेपेल तेवढं. आणि थोडं मोठं झाल्यावर त्याला त्याच्यासारखी मुलं भेटू द्या. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा गट आहे, तो अशाच मुलांनी मोठं झाल्यावर चालवलेला आहे. हे तुमच्यापैकीच कुणाबद्दल असेल, लहानपणी काहीतरी झालं होतं एवढंच अंधुक माहीत असेल, तर या रविवारी आईला फोन करा आणि विचारा, फाईल कुठंय?

हे छापण्याआधी भाचीला वाचायला दिलं होतं. तिने दोन परिच्छेद उडवले, एका तारखेची दुरुस्ती केली, आणि पिट्युटरीला 'वाटाण्याएवढी' म्हटलंय ते बरोबर आहे का हे बायोलॉजीच्या पुस्तकात बघून घेतलं. मग म्हणाली, "ठीक आहे. टाक."